अल्झायमर: गोव्याला आधी डेटा हवा की माणसं?

पर्वरीकर_बाय

थेट मुद्द्यावर येते. गोव्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्या काही हजार लोकांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या, रक्ताचे नमुने आणि जमतील तितक्यांच्या मेंदूचे एमआरआय दर दोन-तीन वर्षांनी नोंदवणारा अभ्यास इथे सुरू व्हायला हवा, आणि त्यात राज्य सरकारने पैसे घालायला हवेत. 2011 च्या जनगणनेत साठीपुढच्यांचं प्रमाण केरळात सगळ्यांत जास्त होतं, त्याच्या पाठोपाठ गोव्यात: 11.2 टक्के. उतारवयात स्मरणशक्ती खाणारा हा आजार आपल्या माजघरात येऊन बसलाय.

मी संगणकी शास्त्रज्ञ आहे, अल्झायमरवर काम करते. म्हणजे पेशंट तपासत नाही आणि औषधही बनवत नाही (चवथीला नेवऱ्या खाता खाता हे समजावून सांगावं लागतं आणि ऐकणाऱ्याचा रस तिथेच संपतो). एमआरआयमधून हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणारा भाग, वेगळा काढायचा, तो कोणाचा किती वेगाने आक्रसतोय ते मोजायचं, त्याला जनुकांची आणि चाचण्यांतल्या गुणांची जोड द्यायची. बराचसा वेळ तर दुसऱ्यांनी गोळा केलेला डेटा साफ करण्यातच जातो. अमेरिकेत 2004 साली सुरू झालेल्या एडीएनआय या अल्झायमरवरच्या अभ्यास-प्रकल्पाने आपला डेटा जगभरच्या संशोधकांना खुला केला, म्हणून पर्वरीत बसून हे जमतं.

पण त्यातली बहुतेक माणसं गोरी आणि भरपूर शिकलेली आहेत. एपीओई ई4 या जनुकरूपाने धोका वाढतो हे खरं, पण किती वाढतो ते वंशागणिक बदलतं: पूर्व आशियाई लोकांत जास्त, आफ्रिकी वंशाच्या लोकांत कमी. मग पेडण्याच्या आजीचा धोका बोस्टनच्या आजोबांवरून काढायचा का? बेंगळुरूवाल्यांनी कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरा भागात 45 वर्षांवरच्या गावकऱ्यांचा असा अभ्यास उभा केलाय. आपण का नाही?

फोंड्याची_सून

बाय, तुझ्या शिक्षणाबद्दल आदर आहे. पण दिवेलागण झाली की माझ्या सासूबाई चपला घालून दारात उभ्या राहतात, "मला घरी सोड" म्हणून. घर म्हणजे त्यांचं सत्तरी तालुक्यातलं माहेर. "हेच तुमचं घर" म्हटलं की अंगावर येतात. मग मी "चला" म्हणते, अंगणात तुळशीला दोन फेऱ्या मारून आणते आणि "पोचलो" म्हणते. त्या चपला काढतात, चहा मागतात. हे मला कुठल्या एमआरआयने शिकवलं नाही. नवरा शिफ्टला, दीर दुबईला, नणंद लिस्बनला. दयानंद या सरकारी मदत योजनेचे पैसे डायपरातच संपतात.

बांबोळीच्या एका डॉक्टरांनी सांगितलं होतं की गोव्यातच असा एक प्रयोग झालाय. 81 कुटुंबं, 2008 साली छापून आला. प्रशिक्षण दिलेले इथलेच लोक घरी जायचे, आजार समजावायचे, असल्या वेळी काय करायचं ते सांगायचे. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांचा ताण कमी झालेला दिसला. संगणक कुठे लागला? असली माणसं गावागावात नेमा, मग हवे तेवढे स्कॅन काढा.

संशयात्मा_मडगाव

सूनबाईंशी सहमत, आणि माझा राग त्याहून मोठा आहे. 1906 मध्ये अलॉइस अल्झायमरने एका बाईच्या मेंदूतले डाग आणि गुंते दाखवले, आणि आज आपण कुठे आहोत? 2006 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेला, मेंदूत साचणाऱ्या अ‍ॅमिलॉइड या प्रथिनावरचा गाजलेला निबंध 2024 मध्ये मागे घेतला गेला, चित्रांत फेरफार आढळले म्हणून. लेकॅनेमॅब या औषधाने 18 महिन्यांत ऱ्हास 27 टक्क्यांनी मंदावला म्हणून ढोल वाजले. प्रत्यक्षात 18 गुणांच्या मापनावर फरक अर्ध्या गुणाहूनही कमी! त्यासाठी दर पंधरवड्याला शिरेतून औषध, वर मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना हे बघायला पुन्हा पुन्हा एमआरआय. हे पेडण्याहून कोण करणार? संशोधकांची पदं वाढतात, बाकी काही नाही.

वास्को_कोडर

एवढा गहजब कशाला? नेटवर स्कॅनचे तयार संच मिळतात. मी एका रविवारी स्कॅनवरून आजार ओळखणारं मॉडेल शिकवलं, 98 टक्के अचूक. गोव्याचा डेटा लागतो कशाला?

पर्वरीकर_बाय

@वास्को_कोडर, एका माणसाच्या एमआरआयचे कितीतरी काप असतात. सगळे काप सरमिसळ करून शिकवणीचा आणि परीक्षेचा गट पाडलास ना? मग एकाच डोक्याचा 80वा काप शिकवणीत आणि 81वा परीक्षेत. तुझं मॉडेल आजार ओळखत नाहीये, डोकं ओळखतंय. वाटणी माणसानुसार कर आणि आकडा परत सांग. तू एकटा नाहीस. 2020 च्या एका आढाव्यात तपासलेल्या अशा निबंधांपैकी निम्म्याहून जास्त ठिकाणी ही गळती, म्हणजे परीक्षेचा डेटा शिकवणीत झिरपणं, असावी असं दिसलं होतं. आणखी एक: स्कॅन चालू असताना डोकं हललं तर मेंदूची बाह्य साल आहे त्याहून पातळ मोजली जाते, आणि आजारी माणूस निरोग्यापेक्षा जास्त हलतो. मॉडेलने ऱ्हास पकडला की चुळबुळ? माझ्या नोकरीतला मोठा भाग हे ओळखण्याचा आहे.

@संशयात्मा, मागे घेतलेला निबंध अ‍ॅमिलॉइडच्या एका विशिष्ट रूपाबद्दल होता, या प्रथिनामुळे आजार होतो हे अख्खं गृहीतक त्यावर उभं नव्हतं. आणि अर्धा गुण ही सरासरी आहे. कोणाला जास्त फायदा होतो, कोणाच्या मेंदूत सूज येते हे आधी सांगता यायला हवं. ते सरासरीतून कळत नाही, डेटातून कळतं.

डिचोलीचे_मास्तर

बाय, तू चाचण्यांबद्दल एका ओळीत बोललीस, मला तिथेच खोट दिसते. माझी आई शाळेत गेली नाही. ऐकून ऐकून हरिपाठ तोंडपाठ, पण पेन्सिल हातात धरलेली नाही. तिला "घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा" म्हणाले. ती म्हणाली, "घड्याळ भिंतीवर आहे की." शून्य गुण! मग "100 मधून 7 वजा करत जा." बाजारात ती नारळांचा हिशेब अजून चोख करते. उलट आमचे एक शेजारी, पोर्तुगीज काळात लिसेवला शिकलेले, चाचणीत उत्तम, आणि चार वेळा पंखा म्हणून गॅस चालू करून ठेवला.

हरयाणात बल्लभगडला निरक्षरांसाठी हिंदीत चाचणी बेतली गेली होती. कोंकणी बोलणाऱ्या, मराठी वाचणाऱ्या आमच्या म्हाताऱ्यांसाठी काय आहे? चाचणीच चुकीची असेल तर हजारो लोकांचा चुकीचा डेटा गोळा होईल, एवढंच.

आणि पैशांचंच म्हणाल तर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये 14 कारणं मांडली, ती आटोक्यात आणली तर जगातले जवळपास 45 टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतात म्हणे. त्यात बहिरेपण वरच्या जागी आहे. कानाची यंत्रं वाटा. एमआरआयपेक्षा स्वस्त पडतील.

पर्वरीकर_बाय

मास्तर, चाचणीचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. आईला शून्य मिळालं हे चुकीचं आहे, हे सिद्ध करायला इथल्याच निरोगी निरक्षर माणसांचे गुण हाताशी लागतात. ते आज नाहीत. कानाच्या यंत्रांना माझा पाठिंबा, पण तो 45 टक्क्यांचा हिशेबसुद्धा हजारो माणसांची वर्षानुवर्षं नोंद ठेवूनच झालाय. कोणीतरी मोजलं म्हणून तुम्ही आज यंत्र मागू शकता.

वास्को_कोडर

माणसानुसार वाटणी केली. 71 आला. पण तो डेटाच वाईट आहे.

संशयात्मा_मडगाव

😂

एक प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. संमती कोण देणार? ज्याला आज वार आठवत नाही तो फॉर्मवर सही करतो म्हणजे काय? आणि जनुकांची माहिती त्याच्या एकट्याची नसते, मुलांची आणि नातवंडांचीही असते. स्थळं बघताना "त्यांच्या घरात ते आहे" एवढं पुरतं आमच्याकडे.

पर्वरीकर_बाय

म्हणूनच आजार व्हायच्या आधी, पन्नाशी-साठीत नोंदणी करायची. तेव्हा माणूस स्वतः सही करतो, पुढे कोणी निर्णय घ्यायचा तेही लिहून ठेवतो. नावं वेगळी, डेटा वेगळा. जनुकांचा निकाल मागितल्याशिवाय कोणालाच सांगायचा नाही.

फोंड्याची_सून

सासूबाईंचं नाव मी देईन, आणि माझंही. पण दोन अटी. नमुने घ्यायला येणारी व्यक्ती अर्धा तास जास्त थांबेल आणि मला काही विचारायचं असेल ते ऐकून घेईल. तिचा पगार तुझ्या संशोधनाच्या पैशातून, आरोग्य केंद्राच्या डोक्यावर नको. आणि कागद येईल तो मराठीत. मागचा इंग्रजी रिपोर्ट अजून कपाटात आहे, कोणी वाचलेला नाही.