‘अ‍ॅक्सीड’ या इंग्रजी क्रियापदाचा नेमका अर्थ आणि वापर

प्रश्न (परभणी):
मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या भित्तिपत्रकासाठी मी इंग्रजीत टिपण लिहीत असून, १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले, हे सांगताना ‘अ‍ॅक्सीड’ हे क्रियापद योजले आहे. ते येथे चालेल का? त्याची व्युत्पत्तीही कृपया सांगावी.

उत्तर १ (नांदेड):
हे क्रियापद लॅटिन ‘अक्केदेरे’पासून आले आहे. ‘अद्’ म्हणजे ‘कडे’ आणि ‘केदेरे’ म्हणजे ‘जाणे’, पुढे ‘नमते घेणे’. ‘सत्’ आणि ‘जन’ यांचा ‘सज्जन’ व्हावा तसा ‘अद्’मधील द् पुढच्या क्‌मध्ये मिसळतो. ‘जवळ जाणे’ हा मूळ अर्थ ‘अ‍ॅक्सेस’मध्ये आजही दिसतो. इंग्रजीत मात्र आता मागणी मान्य करणे, राजपदावर येणे आणि इतरांनी आधी ठरवलेल्या करारात सामील होणे, असे तीन अर्थ रूढ आहेत. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९७९ मध्ये सामील झाला, तेथे हेच क्रियापद लागते. त्याच्यापुढे ‘टू’ हवेच. ‘एक्सीड’ म्हणजे मर्यादा ओलांडणे. तेही ‘केदेरे’चेच अपत्य असले तरी अर्थ अगदी निराळा आहे.

उत्तर २ (छत्रपती संभाजीनगर):
व्युत्पत्ती पटली, पण मूळ वाक्यातील अडचण इतिहासाची आहे. १९४७ मध्ये संस्थानिकांनी ज्या सामीलनाम्यावर सह्या केल्या, त्यात संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे तीन विषय भारताकडे सोपवलेले होते, आणि ‘अ‍ॅक्सीड’ हा त्या दस्तऐवजाचा पारिभाषिक शब्द आहे. निजामाने सामीलनाम्यावर सही केली नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी त्याने केवळ ‘जैसे थे’ करार केला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ तारखेला त्याने शरणागती पत्करली, तेव्हा त्या दिवसाला ‘अ‍ॅक्सीड’ लावल्यास न झालेली सही झाल्यासारखे होते. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली ज्यांनी तुरुंगवास सोसला, त्यांच्यावरही तो अन्याय ठरेल.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मग पर्यायी क्रियापद कोणते घ्यावे?

उत्तर ३ (लातूर):
संस्थान कर्ता असेल तर ‘इंटिग्रेट’चे कर्मणी रूप घ्यावे, जनतेविषयी लिहायचे असेल तर ‘लिबरेट’. लॅटिन ‘लिबेर’ म्हणजे मुक्त, आणि मुक्तिसंग्रामाला तेच क्रियापद अधिक साजते.