आशियाई मॉलमधलं स्वस्त खाणं : तुमचे अनुभव लिहा

सिंगापूर, बँकॉक, क्वालालंपूर, हाँगकाँग, तैपेई, टोकियो. या शहरांत जाणारे आपले लोक जेवायच्या वेळी दोनच वाटा धरतात. एक तर इंडियन रेस्टॉरंट शोधत भर उन्हात पायपीट, नाहीतर व्हिडिओत पाहिलेल्या रस्त्यावरच्या गाडीपुढे रांग. यांच्या मधलं जे आहे, मॉलच्या तळघरातलं किंवा सगळ्यात वरच्या मजल्यावरचं फूड कोर्ट, त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. मॉल म्हटलं की आपण महागडं आणि बेचव धरून चालतो. या शहरांत हे गणित चुकतं. तिथे शेजारच्या टेबलावर ऑफिसातले कारकून असतात, शाळेच्या गणवेशातली पोरं असतात, पिशव्या घेऊन आलेल्या आज्ज्या असतात. पर्यटकांसाठी मांडलेला देखावा नव्हे तो.

तर तुम्ही काय खाल्लंत, पैसे कसे दिलेत, शाकाहारी मंडळींनी कसं निभावलं, सोबतच्या म्हाताऱ्या माणसांना काय रुचलं, ते लिहा. नुसतं 'मस्त होतं' नको. काय होतं ते सांगा.

---

सिंगापूरला राहते, नोकरी करते, त्यामुळे आठवड्यातली बरीचशी जेवणं फूड कोर्टातच होतात.

आधी एक फरक. हॉकर सेंटर वेगळं आणि मॉलमधलं फूड कोर्ट वेगळं. हॉकर सेंटर म्हणजे फेरीवाल्यांच्या स्टॉलांचं, पंख्यांखालचं, चारी बाजूंनी उघडं. २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली ती ही हॉकर संस्कृती. फूड कोर्ट म्हणजे बरंचसं तेच खाणं एसीत बसून, थोडे पैसे जास्त मोजून. इथे बारा महिने घाम असतो, त्यामुळे ते जास्तीचे पैसे मला कधी टोचले नाहीत. शिवाय रेस्टॉरंटच्या मेन्यूवर किमतीपुढे '++' असतं, म्हणजे १० टक्के सेवा शुल्क आणि त्यावर ९ टक्के जीएसटी वेगळा. फूड कोर्टात पाटीवर लिहिलाय तेवढाच आकडा द्यायचा.

माझा रोजचा स्टॉल मिक्स्ड राइसचा. काचेमागे पंधरा-वीस ट्रे मांडलेले. परतलेला कांगकोंग (एक पालेभाजी), वांगं, अंडं घातलेला टोमॅटो, टोफू, कोबी, मग मासे आणि चिकनचे प्रकार. भाताची ताटली हातात धरून आंटी उभी असते (इथे स्टॉलवरच्या बाईला सगळे आंटीच म्हणतात, पुरुषाला अंकल), आपण बोट दाखवायचं, ती वाढते. विचार करायला वेळ मिळत नाही. मागे रांग असते आणि आंटीचा चमचा पुढच्या ट्रेवर पोचलेला असतो. दोन भाज्या आणि एक मांसाहारी पदार्थ घेतला तर पोट भरतं. शेवटी ती न विचारता भातावर करीचा रस्सा ओतते. तो बहुतेकदा चिकन किंवा पोर्कचा असतो, म्हणून शाकाहाऱ्यांनी ताटली तिच्या हातात असतानाच 'नो ग्रेव्ही' म्हणून टाकायचं.

जागेचं म्हणाल तर टेबलावर टिश्यूचं पाकीट पडलेलं दिसलं की ती जागा गेली. नवीन माणूस पाकीट बाजूला सारून बसतो आणि मग पाच मिनिटांनी ट्रे घेतलेले चौघं समोर येऊन उभे राहतात. लोक टेबलावर ऑफिसचं ओळखपत्रसुद्धा ठेवून जातात, ते तसंच जागेवर मिळतं.

आणि ट्रे परत नेऊन ठेवा. १ जानेवारी २०२२ पासून फूड कोर्टांनाही हा नियम लागू आहे. पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा ३०० डॉलर दंड. बहुतेक ठिकाणी हलालचा रॅक वेगळा असतो, तेवढं पाहून ठेवा.

---

वरच्या ताईंना अनुमोदन. शाकाहाऱ्यांसाठी एक भर. सिंगापूरच्या बऱ्याच फूड कोर्टांत बौद्ध शाकाहारी पद्धतीचा एक स्टॉल असतो. तिथला व्हेजिटेरियन बीहून, म्हणजे तांदळाच्या बारीक शेवया, सकाळी नाश्त्याला उत्तम. 'योंग तौ फू'च्या स्टॉलवर भाज्या आणि टोफूचे तुकडे आपणच वाडग्यात उचलायचे असतात, म्हणून ते सुरक्षित वाटतं. पण सूप बहुधा सुक्या माशांचं, आणि कारल्याच्या-भेंडीच्या पोटात माशाचं सारण भरलेलं. दिसायला भेंडीच.

---

बँकॉकबद्दल लिहिते. आम्ही ऑक्टोबरात गेलो होतो. सासूबाई बरोबर, आणि त्यांचं कांदा-लसूण बंद. थायलंडला जाऊन कांदा-लसूण नको म्हटल्यावर नवऱ्याने घरूनच खाकऱ्यांची वेगळी बॅग भरली होती.

असोक स्टेशनला लागून टर्मिनल २१ नावाचा मॉल आहे. प्रत्येक मजला एकेका शहराच्या नावाने सजवलेला, रोम, लंडन, इस्तंबूल वगैरे. वर सॅन फ्रान्सिस्कोच्या मजल्यावर 'पिअर २१' हे फूड कोर्ट. काउंटरवर पैसे भरून कार्ड घ्यायचं, स्टॉलवर ते मशीनला लावायचं, निघताना उरलेले पैसे परत. स्टॉलवाल्यांच्या हातात नोटा येतच नाहीत. बहुतेक ताटल्या शंभर थाई बातच्या आत, आणि हे शहराच्या ऐन मध्यावर, एवढ्या झगमगाटात. मॉलवाले फूड कोर्ट स्वस्त ठेवून लोकांना वरपर्यंत खेचतात म्हणे. खेचतात हे खरं, कारण जाता-येता चार मजल्यांवर आमची खरेदी झालीच.

तर मुद्दा असा, की काही स्टॉलवर पिवळ्या रंगाचे छोटे झेंडे लावलेले दिसले, त्यावर लाल थाई अक्षर. हे 'जे' जेवण. यात मांस, मासे, अंडं, दूध नाहीच, वर कांदा-लसूणही वर्ज्य. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस त्यांचा हा शाकाहारी उत्सव असतो, आणि बऱ्याच वर्षी तो आपल्या नवरात्राच्या आसपासच येतो. सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. 'यांचंही नवरात्र?' म्हणून त्यांनी स्टॉलवरच्या बाईंना नमस्कारच केला. त्यांनीही दोन्ही हात जोडून वाय केला.

अडचण पुढेच आली. ताटलीत आलेला पदार्थ हुबेहूब मांसाच्या तुकड्यांसारखा. रेषे-रेषे, वर तपकिरी चकाकी. सासूबाईंनी चमच्याने एक तुकडा उलटापालटा केला, वास घेतला, ताटली माझ्याकडे सरकवली. सोया आणि गव्हाच्या ग्लुटेनचा असतो तो. मी खाल्ला, नवऱ्याने खाल्ला, मग त्यांनी नुसती परतलेली पालेभाजी आणि भात घेतला आणि दुसऱ्यांदाही मागितला. खाकऱ्यांची बॅग अर्धी परत आली.

---

बँकॉकला प्रत्येक टेबलाजवळ चार बरण्यांचा संच असतो. मिरच्या घातलेला फिश सॉस, मिरच्या घातलेलं व्हिनेगर, सुकी लाल मिरचीपूड, आणि चौथ्या बरणीत साखर. नूडल्सच्या सूपात साखर घालणारी माणसं बघून मुलं आधी हसली, नंतर त्यांनीच दोन-दोन चमचे घातली. आंबट, तिखट, खारट, गोड जो तो आपल्या हाताने जुळवतो. स्वयंपाकी फक्त पाया बांधून देतो. त्यामुळे पहिला घास सपक लागला म्हणून पदार्थाला नावं ठेवू नका.

---

क्वालालंपूर. दोन टोकं सांगतो.

एक, ट्विन टॉवर्सखालचा सुरिया केएलसीसी. तिथलं फूड कोर्ट ठीकठाक, सोयीचं, गर्दीचं. दुसरं, बुकित बिंतांगच्या लॉट १० मॉलच्या तळघरातलं हुतोंग. जुन्या, नावाजलेल्या चिनी फेरीवाल्यांना एका छताखाली आणून बसवलंय. किम लियान की हे त्यातलं एक नाव, मुळात १९२७ पासूनचं. काळ्या सोया सॉसमधल्या जाड नूडल्स, मोठ्या आचेवर. सोबत छोट्या बशीत सांबल, म्हणजे मिरचीची चटणी. इथे पोर्क सर्रास वापरतात, तेव्हा जे टाळतात त्यांनी केएलसीसीच धरावं.

मलेशियात हलालची पाटी स्पष्ट असते, शाकाहाराची तशी नसते. आमच्या बरोबरच्या एका कुटुंबाला एका स्टॉलवर 'व्हेज, व्हेज' म्हणून सांबल घातलेली भाजी दिली. सांबलमध्ये बलाचान होतं, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची वडी. विचारलं तर स्टॉलवाला म्हणाला, मांस कुठेय त्यात? त्याच्या हिशेबाने तो खोटं बोलत नव्हता, पण त्या काकूंचं जेवण तिथेच संपलं. 'व्हेज आहे का' हा प्रश्न या भागात निरुपयोगी आहे. 'कोळंबी आहे का, मासा आहे का, अंडं आहे का' असं एकेक विचारा.

---

धागाकर्तीकडून : हा शेवटचा मुद्दा सोन्यासारखा. थायलंडलाही 'व्हेज' सोम तामवर, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीवर, सुकी कोळंबी हमखास येते. आणि जपानकडचं कुणीतरी लिहा ना!

---

लिहितो. ओसाकात शिकायला होतो. जपानचा प्रश्न याहून बिकट, कारण मासा दिसतच नाही. दाशी नावाचा रस बहुतेक सगळ्याचा पाया, आणि तो सुकवलेल्या बोनिटो माशाचा. उदोनच्या वाडग्यात डोकावलं तर पांढऱ्या जाड शेवया, वर हिरवी पात, पाणी जवळजवळ पारदर्शक. शाकाहारी पाहुणे खूश. प्रत्यक्षात त्या पारदर्शक पाण्यातच सगळा मासा. गरम टोफूवर तर बोनिटोचे कागदाइतके पातळ काप टाकतात, ते वाफेने हलत राहतात. माझ्या बहिणीने ते हलताना पाहिले आणि खुर्ची मागे घेतली.

बाकी मांसाहारी माणसाला मॉलचं फूड कोर्ट म्हणजे चैन. भाषा येत नसली तरी काचेत पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती मांडलेल्या असतात, आकडा बघून मागायचं. पैसे भरले की हातात एक बझर देतात. जेवण तयार झालं की तो टेबलावर थरथरत ओरडतो आणि आसपासचे सगळे आपापला बझर तपासतात. पाणी फुकट, यंत्रातून हवं तितकं. ताटं त्या त्या दुकानाच्या खिडकीत परत द्यायची.

करातली एक गंमत. १ ऑक्टोबर २०१९ पासून तेच खाणं बांधून नेलं तर ८ टक्के आणि बसून खाल्लं तर १० टक्के. फूड कोर्टातलं टेबल म्हणजे बसून खाणंच. विद्यार्थीदशेत दोन टक्क्यांसाठी बाहेर बाक शोधणारे आमच्यात होते, नावं सांगत नाही.

खरी स्वस्ताई डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात, बंद व्हायच्या तास-दोन तास आधी. कर्मचारी लेबलं घेऊन फिरतो, बेंतोच्या डब्यांवर आधी २० टक्के सूट चिकटवतो, मग ३०, मग अर्धी किंमत. त्याच्या मागे मागे अगदी सभ्य अंतर ठेवून चालणारी माणसं असतात. कुणी ढकलत नाही, कुणी आधीचा डबा हातात धरून थांबत नाही, पण सगळ्यांचं लक्ष त्याच्या हाताकडे.

शाकाहाऱ्यांना टीप : कोको इचिबान्याच्या बऱ्याच शाखांत मांसविरहित करी मिळते. तिखटपणाची पातळी आणि भाताचं वजन आपणच ठरवायचं.

---

हाँगकाँग थोडक्यात. तिथल्या मॉलांतून कॅफे द कोरालसारखी फास्ट फूडची स्थानिक दुकानं असतात, ती जुनी आहेत, साठच्या दशकाच्या अखेरीपासूनची. दुपारी साधारण दोन ते सहामध्ये 'टी सेट' मिळतो, जेवणापेक्षा बराच स्वस्त. थंड पेय घेतलं तर सेटच्या किमतीवर दोन-चार डॉलर जास्त, म्हणून पैसे वाचवणारे भर उन्हाळ्यात गरम दुधाचा चहा पितात. तो चहा कडक, आणि दूध डब्यातलं, आटवलेलं. आपल्या माणसाला पहिल्या घोटात पटतो.

चौघांच्या टेबलावर एकटे बसलात तर अनोळखी माणूस समोर येऊन बसेल. बोलणार नाही, हसणार नाही, जेवेल आणि उठून जाईल. माझ्या आईला हे फार उद्धट वाटलं. वडिलांना मात्र फार आवडलं, कारण कुणाशी बोलावं लागलं नाही.

---

तैपेईचं कुणी लिहिलं नाही म्हणून. शाकाहाऱ्यांनो, या सगळ्या यादीत तैपेईसारखं गाव नाही. शाकाहारी दुकानाच्या पाटीवर अनेकदा स्वस्तिक असतं, आपल्यापेक्षा उलट्या दिशेचं, बौद्ध पद्धतीचं. दुरूनच ओळखू येतं. शाकाहाराचेही प्रकार वेगळे ठेवतात : पूर्ण शाकाहारी, दूध-अंडं चालणारे, कांदा-लसूण चालणारे. पाकीटबंद पदार्थांवर तसं छापलेलं असतं.

बऱ्याच शाकाहारी बुफेत वजनावर पैसे. ताट किंवा कागदी डबा घ्या, हवं ते वाढून घ्या, काट्यावर ठेवा. लाल भोपळा, बटाटा, रसातला टोफू काटा खाली ओढतात. पालेभाजी, कुरकुरीत मशरूम, समुद्री शेवाळ घेतलं तर डबा शिगोशीग भरूनही आकडा वर जात नाही. भात वेगळा मागितला की वाटीचे ठरलेले पैसे. दुपारी बारा ते साडेबारा जाऊ नका, आजूबाजूची सगळी ऑफिसं तिथेच उतरतात. दीडनंतर गर्दी नसते, पण मशरूमही नसतात.

---

सगळ्यांचे आभार, वाचून भूक लागली. एक विचारायचं होतं. पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन सोलला जातोय. तिथल्या मॉलमध्ये म्हणे माणसाकडे ऑर्डर देताच येत नाही, सगळं पडद्यावर बोट लावून. आपलं कार्ड चालतं का, आणि त्या पडद्यावर 'मासा नको' कुठे दाबायचं असतं, हे कुणी केलंय का? बाबा गोमांस खात नाहीत, आई मांस-मासे काहीच खात नाही.