मदत हवी आहे: दरडी मोजक्या, पावसाचे दिवस हजारो

नमस्कार मंडळी, रायगडमधल्या दरडींवर एमएस्सीचा प्रकल्प करतेय. जून ते सप्टेंबर, 20 वर्षं, म्हणजे 2440 दिवस. त्यात दरड कोसळल्याचे दिवस फक्त 17! साधं लॉजिस्टिक रिग्रेशन (हो-नाही घटनेची शक्यता काढायची पद्धत) लावलं तर मॉडेल रोज बिनधास्त ‘नाही’ म्हणतं आणि तरी 99.3 टक्के बरोबर ठरतं. अशा अचूकतेला काय चाटायचंय?

दरड नसलेले दिवस कमी करून पाहिले, तर दरडीची शक्यता भलतीच फुगली. नंतर समीकरणातला स्थिरांक दुरुस्त करायचा असतो, एवढं कळलंय. पण 17 घटनांवर फर्थची पद्धत (घटना मोजक्या असल्या की अंदाज एका बाजूला झुकतो, ते कमी करणारी) जास्त भरवशाची का? आणि आधीच्या 3, 7, 15 दिवसांचा पाऊस एकत्र घातला तर ते आकडे एकमेकांत गुंततात. कुठला ठेवू?

शिवाय तारखांचा घोळ. मागच्या 24 तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि त्या सकाळच्या तारखेला नोंदवतात. इरशाळवाडीची दरड 19 जुलै 2023 च्या रात्री आली, म्हणजे त्या रात्रीचा पाऊस 20 च्या नोंदीत. 19 चा आकडा धरून मी महिनाभर गणितं केली, काय सांगू! आता वेळ माहीत नसलेल्या घटनांचं काय करू? दोन्ही दिवस धरू की गाळू? कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा.