तोऽगे: घाट म्हणावं की घाटमाथा?

'तोऽगे' या जपानी शब्दाच्या कांजीपुढे (चिनी धाटणीच्या अक्षरापुढे) माझ्या वहीत पहिल्या दिवसापासून 'घाट' लिहिलेलं आहे. ते चूक नाही, पण तेवढ्याने भागतही नाही.

आधी अक्षर पाहा. डावीकडे डोंगर. उजवीकडे 'वर' हे अक्षर आणि त्याच्या बुडाशी 'खाली' हे अक्षर. तिन्हींच्या तीन-तीन रेघा, एकूण 9. चढ संपून उतार लागतो ती जागा अक्षरातच काढून ठेवलीय! हे अक्षर चीनहून आलेलं नाही, जपानातच घडवलेलं आहे. अशा अक्षरांना 'कोकुजी' म्हणतात. चिनी वळणाचा उच्चार याला नाहीच, त्यामुळे 'तोऽगे' एवढं एकच पाठ करायचं.

आपला घाट म्हणजे पायथ्यापासूनचा सगळा वळणावळणांचा रस्ता. तोऽगे मुळात माथ्यावरची ती नेमकी जागा (गाड्यांचे शौकीन आता अख्ख्या वळणदार रस्त्यालाही तोऽगे म्हणतात). उसुई तोऽगे, हाकोने तोऽगे या नावांत 'घाट' चालेल. 'खिंड' मला पटत नाही. खिंड म्हटलं की दोन्ही बाजूंचे कडे डोळ्यांपुढे येतात, चढ-उतार नाही.

शब्दाचं मूळ 'तामुके'त, म्हणजे देवाला काही वाहण्यात, आहे असं मानतात. धापा टाकत माथ्यावर पोचलेला वाटसरू पुढची वाट सुखरूप व्हावी म्हणून तिथल्या देवाला काहीतरी वाहायचा. हे वाचलं आणि बोरघाटातला शिंग्रोबा डोळ्यांपुढे उभा राहिला. गाडीच्या खिडकीतून त्याला नाणं टाकणारे हात लहानपणापासून पाहिलेत. ते तामुकेच की!

खरी कसोटी वापरात लागते. अत्यवस्थ रुग्णाबद्दल म्हणतात, 'कोन्या गा तोऽगे दा'. 'आज रात्री घाट आहे' असं भाषांतर केलंत तर काहीच कळणार नाही. आपण म्हणतो, 'आजची रात्र निभावली पाहिजे.' उन्हाळ्याचा कडाका ओसरू लागला की 'तोऽगे ओ कोशिता', माथा ओलांडला. इथवर सुटकेचा निःश्वास आहे. पण हेच शब्द एखाद्या खेळाडूबद्दल आले, तर त्याचा भराचा काळ सरला, आता उतार, असा अर्थ होतो. त्यामुळे बढती मिळालेल्या जपानी सहकाऱ्याला 'मोठा टप्पा गाठलास' म्हणायला हा वाक्प्रचार चुकूनही वापरू नका.