टेकल्यावर सेस्ना डावीकडे पळते, पाय कुठे चुकतोय? (मदत हवी आहे)

मी सांगलीची. फ्लाइंग शिकतेय (कुठे ते राहू द्या), सेस्ना १७२ या छोट्या विमानावर. सध्या आठ दिवस सुट्टीला विश्रामबागला घरी आलेय आणि डोक्यात एकच लँडिंग फिरतंय.

वारा डावीकडून ८ नॉट. अप्रोचला (उतरायला खाली येताना) वेग ६५ नॉट हवा होता, माझा ७५ राहिला. चाकं टेकली, जराशी उसळी. पुन्हा उचलेल या भीतीने मी योक (हातातलं स्टिअरिंग) पुढे दाबलं. लगेच नाक डावीकडे. उजवा रडर (शेपटीची उभी पट्टी, पायाच्या पेडलने हलते ती) दिला तर विमान झटक्यात उजवीकडे, मग परत डावीकडे. सरांनी कंट्रोल घेतला तोवर डावं चाक गवतात! मोडलं काही नाही. सर एवढंच म्हणाले, "पाय झोपलेत तुझे." पण पाय तर मारला होता ना मी. मग?

प्रतिसाद १
ताई, पाय झोपले नव्हते, उलट जास्त जागे होते. घोळ योकचा आहे. वेग जास्त म्हणजे पंखात अजून लिफ्ट (वर उचलणारा जोर) शिल्लक. त्यात योक पुढे, म्हणजे भार नाकाच्या चाकावर आणि मागची दोन चाकं हलकी. कारखान्याच्या सीझनला उतारावर भरलेली उसाची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत आडवं करते, बघितलंय ना? तसंच. वजन मागे, टेकू पुढे. शिवाय १७२ चं नाकाचं चाक पेडललाच जोडलेलं. ते दाबलेलं असताना पाय दिला की विमान फटकन वळणारच. टेकल्यावर योक मागे धरायचं, नाकाचं चाक हळू खाली येऊ द्यायचं. पाय छोटे छोटे आणि लवकर.

प्रतिसाद २
वरचं बरोबर. पण एलेरॉनचं (पंखांच्या टोकाकडच्या पट्ट्या, योक फिरवलं की हलतात त्या) काय केलंत? शेपटीवर वारा बसला की नाक वाऱ्याकडेच जातं, म्हणून डावीकडेच गेलं. योक डावीकडे हवं, आणि वेग उतरेल तसं आणखी डावीकडे, कारण एलेरॉनचा जोर कमी होत जातो. ८ नॉट फार नाही हो, मॅन्युअलमध्ये १५ नॉटचा आडवा वारा करून दाखवलेला आहे.

मी (धागाकर्ती)
एलेरॉन... टेकल्या टेकल्या सरळ केले होते. उतरलो, झालं, असं वाटलं. आता घरी खुर्चीत बसून पातेल्याचं झाकण फिरवत सराव चाललाय, आई बघतेय. एक राहिलं: उसळी मोठी असेल तर योक सावरत बसू, की सरळ गो-अराउंड (उतरणं सोडून परत वर)?

प्रतिसाद १
मोठी असेल तर गो-अराउंड. तुमच्या एवढ्या कमी उड्डाण-तासांना तर विचारच नको.