घरच्या पॅनेलवर पॅक-मॅन कोपऱ्याला चुकतो. जुन्या आर्केड मशीनसारखा हात कसा बसवायचा?

एकच_नाणं

पॅनेल असं आहे: १८ मिमी एमडीएफ, सान्वा जेएलएफ जॉयस्टिक, ३० मिमीची सहा बटणं, 'झिरो डिले' नावाने मिळतो तो यूएसबी एन्कोडर (बटणांचे दाब संगणकाला कळवणारा बोर्ड), लॅपटॉपवर मेम (जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम), चित्र टीव्हीवर. खेळायचंय ते बहुतेक १९८० ते ८४ मधलं. पॅक-मॅन, डाँकी काँग, डिफेंडर, क्यू-बर्ट. पुढेमागे आर्कनॉइडसाठी स्पिनरही (गोल फिरवायचा नॉब) लावायचा विचार आहे.

अडचणी:

१. पॅक-मॅन डावीकडे जात असताना कधी मनात नसलेल्या फटीत वर घुसतो, कधी हवं तिथे वळतच नाही. डाँकी काँगमध्ये शिडीच्या तोंडाशी हेच.
२. बटणं टिकटिक वाजतात. जुन्या मशीनची बटणं मऊ आणि बिनआवाजाची असत, तशी हवीत.
३. सगळं किंचित उशिरा होतंय असं वाटतं.
४. क्यू-बर्टमध्ये कुठला क्यूब कुठे, याचा आणि हाताचा मेळच बसत नाही.

जॉयस्टिक बदलावी लागेल का, की आहे त्यातच जमेल? सोल्डरिंग येतं, थ्रीडी प्रिंटर हाताशी आहे.

कोपरा४५

जॉयस्टिक बदलू नका. पहिली आणि चौथी अडचण गेटची, म्हणजे दांडा कुठवर जाईल ते ठरवणाऱ्या खालच्या चौकटीची आहे.

जेएलएफला चौकोनी गेट येतं आणि ते ८-वे (चार मुख्य आणि चार तिरक्या दिशा) पद्धतीने बसवलेलं असतं. चौकोनात दांडा सर्वांत लांब जातो तो कोपऱ्यात, आणि भिंतीला घासत सरकवला की आपोआप तिथेच जाऊन बसतो. तुम्ही डावीकडे घट्ट धरून ठेवता, मनगट जरासं वर ढळतं, दांडा कडेने घसरत डाव्या-वरच्या कोपऱ्यात जातो आणि दोन्ही स्विच लागतात. पॅक-मॅन (१९८०) आणि डाँकी काँग (१९८१) ही ४-वे (फक्त वर-खाली-डावी-उजवी) दांड्याची मशीन. अशा खेळात दोन दिशा एकदम आल्या तर मेम दिशा बदलण्याच्या बाजूने कौल देतं. म्हणजे तुमचा ढळलेला हात त्याला 'वर' असा हुकूम वाटतो, आणि पुढची फट आली की स्वारी आत.

'वळतच नाही' ही त्याचीच दुसरी बाजू. पॅक-मॅनमध्ये वळण येण्याच्या थोडं आधी दिशा द्यायची असते. असं केलं तर तो कोपरा कापून जातो आणि भुतांवर थोडी आघाडीही मिळते. दांडा आधीच कोपऱ्यात पडून असेल तर 'वर' कधीचं लागलेलं असतं, त्यामुळे नवीन बदल असा काही पोचतच नाही.

उपाय: गेट ४५ अंशांत फिरवा. दांड्याखालचं पारदर्शक गेट नखांवर अडकलेलं असतं. नखं एकेक करून बोटाने दाबून सोडवा. स्क्रू-ड्रायव्हर घालून एका बाजूने उचकटलं तर नख तुटतं आणि मग गेट कायमचं डुगडुगतं. फिरवल्यावर शंकरपाळ्याच्या आकाराचं छिद्र मिळेल, टोकं वर-खाली-डावी-उजवी.

आता चाचणी, ही टाळू नका. संगणकावर गेम कंट्रोलरचं चाचणीचं पान उघडा, दांडा शंकरपाळ्याच्या तिरक्या कडेच्या बरोबर मध्यावर दाबून धरा. तिथे एकही दिशा लागली नाही किंवा फार तर एकच लागली, तर गेट ठीक. दोन्ही लागल्या तर अजून आजार तसाच आहे.

क्यू-बर्ट (१९८२): मूळ मशीनवर ४-वे दांडाच तिरका, ४५ अंशांत बसवलेला होता. घरी दोन मार्ग. एक, शंकरपाळी गेटसकट अख्खी जॉयस्टिक ४५ अंशांत फिरवून बसेल अशी माउंटिंग प्लेट. दुसरा, चौकोनी गेट परत मूळ जागी लावून चार कोपरेच वापरायचे. मेममध्ये टॅब दाबून त्या खेळाच्या इनपुट असाइनमेंटमध्ये जा आणि प्रत्येक दिशेला दोन स्विचांची जोडी द्या: दांडा कोपऱ्यात नेला की दोन्ही मिळून एक दिशा म्हणून नोंदल्या जातात. दुसरा मार्ग फुकटात होतो आणि हाताला चांगलाही लागतो, कारण कोपरा पक्का सापडतो.

डिफेंडरला दांडा फक्त वर-खाली. थ्रस्ट, रिव्हर्स, फायर, स्मार्ट बॉम्ब, हायपरस्पेस ही पाच बटणं. डावी-उजवी दिशा दांड्यावर देण्याचा मोह होतो. देऊ नका, तो खेळच मग वेगळा होतो.

आणखी एक: १८ मिमी लाकडाखाली जेएलएफ थेट लावली असेल तर गोळा पॅनेलला टेकल्यासारखा खाली बसतो आणि बोटं घासतात. खालून राउटरने खण काढून दांड्याच्या जागी ५-६ मिमी लाकूड ठेवा. एवढ्या पातळ एमडीएफमध्ये लाकडाचे स्क्रू धरत नाहीत. वरून चपट्या डोक्याचे एम४ बोल्ट, खाली नट.

एकच_नाणं

गेट फिरवलं. कडेच्या मध्यावर दोन्ही दिशा लागताहेत. शिवाय दांडा आता जास्तच लांब जातोय असं वाटतं. ऍक्च्युएटर (दांड्याच्या खालचा, स्विचांना ढकलणारा भाग) मूळचा नाही, १ मिमी मोठा बसवलेला आहे, त्याचा संबंध असेल का?

कोपरा४५

तोच चोर. मोठ्या ऍक्च्युएटरने स्विच लवकर लागतो. लढाईच्या ८-वे खेळांत हे सोयीचं, ४-वे मध्ये घातक. हिशेब बघा: चौकोनाच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर १ धरलं तर कोपरा १.४ वर. गेट फिरवल्यावर मुख्य दिशांना हे १.४ मिळतं, म्हणून दांडा लांब जातो. तिरकं मात्र १ च जाता येतं, म्हणजे दोन्ही दिशांना प्रत्येकी ०.७. स्विच ०.७ च्या आधी लागत असेल तर तिरक्यात दोन्ही लागणारच. मूळ ऍक्च्युएटर परत घाला.

तरीही लागले किंवा लांब प्रवास नकोच असेल, तर प्रिंटर आहे ना. मूळ गेटच्याच बाहेरच्या मापाचं, पण आतलं शंकरपाळं प्रत्येक कडेला ०.५ मिमी लहान असं गेट काढा, चाचणी करा, गरज पडली तर आणखी ०.५. फार आवळलं तर मुख्य दिशेचा स्विचच नीट लागत नाही. लागल्यानंतर दांडा अजून थोडा पुढे जायला हवा. आतली कड बारीक सँडपेपरने साफ करा, नाहीतर प्रिंटच्या थरांच्या रेघा दांड्याला खरखरीत लागतात. दांडा ज्यावर झुकतो त्या बिजागरीच्या गोल भागाला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. स्विचांवर ग्रीस नको.

तांब्याची_पत्ती

बटणांबद्दल. तुम्हाला आठवतो तो मऊपणा लीफ स्विचचा. त्यात धातूच्या दोन लवचीक पत्त्या, टोकाला कॉन्टॅक्ट. बटणाची दांडी लांब पत्तीला ढकलते आणि ती आखूड पत्तीला भिडते. स्प्रिंग उडवणारी यंत्रणाच नाही, म्हणून टिक नाही.

आवाजापेक्षा मोठा फरक सुटण्याचा आहे. मायक्रोस्विच (तुमच्या बटणांतला टिकटिकणारा) जिथे लागतो तिथेच सुटत नाही, बटण त्याहून बरंच वर यावं लागतं. लीफ स्विच जवळपास त्याच जागी लागतो आणि सुटतो. बोट पूर्ण न उचलता थरथरवत गोळ्या झाडता येतात त्या यामुळे. ऍस्टेरॉइड्स (१९७९) पूर्ण बटणांवर चालतं. तिथे हा फरक लगेच कळतो.

माप: लीफ स्विच बसणारी अमेरिकन पद्धतीची बटणं साधारण २८-२९ मिमीच्या भोकाची असतात. तुमच्या ३० च्या भोकात ती हलतील. पाऊण मिमीहून थोडं पातळ असं कडं प्रिंट करून घाला, नाहीतर नट कितीही आवळला तरी बटण जोरात दाबताना सरकतं. नवी भोकं पाडणार असाल तर फोर्स्टनर बिट वापरा आणि खाली फळकूट घट्ट दाबून धरा, नाहीतर एमडीएफची खालची कड फुटते.

जुळवणी: मोकळं असताना कॉन्टॅक्टमधली फट १ ते १.५ मिमी. वाकवायचं ते पत्तीच्या बुडाशी, मध्यावर नाही. मध्यावर वाकवलेली पत्ती पुन्हा सरळ होत नाही. बटण पूर्ण दाबल्यावर दोन्ही पत्त्या एकत्र अर्धा-एक मिमी पुढे गेल्या पाहिजेत. त्या वेळी कॉन्टॅक्ट एकमेकांवर घासतात आणि स्वतःला साफ करतात. नुसते टेकून थांबत असतील तर काही आठवड्यांत बटण दगा देऊ लागेल.

आता खरी गोम. लीफ स्विच आजच्या बोर्डांना लावला की अधूनमधून दाबच पोचत नाही, आणि लोक स्विचला दोष देतात. कारण विजेचं आहे. आरपी२०४० सारख्या चिपचा आतला पुल-अप (बटण मोकळं असताना पिनचं व्होल्टेज वर धरणारा रेझिस्टर) ५० ते ८० किलोओहम, ३.३ व्होल्टवर त्यातून ०.०४ ते ०.०७ मिलिअँपिअर जातात. कॉन्टॅक्टवर काळपट थर असेल तर एवढ्याशा करंटला तो भेदता येत नाही. प्रत्येक बटणाच्या पिनपासून ३.३ व्होल्टपर्यंत १ किलोओहमचा रेझिस्टर लावा, करंट ३.३ मिलिअँपिअर होतो आणि काम सुरळीत. चुकूनही ५ व्होल्टला नेऊ नका, पिन जाईल. शक्य असेल तर सोन्याचा मुलामा दिलेले कॉन्टॅक्टच घ्या. आणि साफ करायला सँडपेपर किंवा कानस कदापि नको, मुलामा निघून जातो. जाड कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून मिटलेल्या पत्त्यांमधून दोनदा ओढली की झालं.

सोळा_मिलिसेकंद

उशिराबद्दल. एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद, हे माप डोक्यात ठेवा आणि मोठ्या चोरापासून सुरुवात करा.

टीव्ही सगळ्यात आधी. चित्र सुधारण्याच्या नादात काही संच पाच-सहा फ्रेम गिळतात. गेम मोड चालू, बाकीची सजावट बंद. यानेच बहुधा निम्म्याहून जास्त तक्रार मिटेल.

मग मेममधला लोलेटन्सी (उशीर कमी करण्याचा) पर्याय चालू करा.

एन्कोडर शेवटी. 'झिरो डिले' हे नाव आहे, वर्णन नव्हे. असे बरेच बोर्ड संगणकाकडून सेकंदाला १२५ वेळा विचारले जातात, म्हणजे जास्तीत जास्त ८ मिलिसेकंद उशीर. आरपी२०४० वर जीपी२०४०-सीई हे फर्मवेअर घातलं तर १००० वेळा, उशीर १ च्या आत. वरच्या प्रतिसादातले रेझिस्टरही त्यालाच लावता येतील, तेव्हा लीफ स्विच घेणार असाल तर दोन्ही कामं एकदमच करा. सर्व बटणांचं एक टोक एकाच ग्राउंडच्या माळेत, दुसरं टोक आपापल्या पिनला. माळेचं शेवटचं टोकही बोर्डाला परत जोडा, मग मधे एखादी क्रिंप (तारेच्या टोकाला दाबून बसवलेली जोडणी) सुटली तरी पुढची बटणं मरत नाहीत.

डिबाउन्सची (कॉन्टॅक्टची थरथर गाळण्याची) पद्धत मात्र तपासा. दाब दिसला की लगेच कळवून पुढचे ५ मिलिसेकंद कानाडोळा करणारी चांगली. ५ मिलिसेकंद स्थिर राहिल्यावरच कळवणारी तेवढा उशीर फुकटात वाढवते.

मोजायचं असेल तर फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचं चित्रण करा, बटण आणि पडदा दोन्ही दिसतील असं. एक फ्रेम ४.२ मिलिसेकंद. बटण तळाला गेल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत फ्रेम मोजा. एकाच मापावर विसंबू नका, कारण खेळाच्या फ्रेममध्ये दाब कुठे पडला यावर आकडा हलतो.

तांब्याची_पत्ती

लोलेटन्सीला +१. पेटीचं वजनही बघा. १८ मिमी एमडीएफची ६० बाय ३० सेंटिमीटरची फळी जेमतेम अडीच किलोची. मांडीवर किंवा गुळगुळीत टेबलावर पेटीच सरकली तर दांडा ढिला वाटतो, मग लोक उगाच जाड स्प्रिंग घालतात. तळाला रबराची शीट आणि आत दोन-तीन किलोची लोखंडी पट्टी टाका, त्यानंतर स्प्रिंगचा विचार करा.

फिरकी_२४००

स्पिनरचं थोडक्यात, कारण आर्कनॉइड (१९८६) त्याच्याशिवाय खेळण्यात अर्थ नाही.

फेऱ्याला ६०० पल्सचा ऑप्टिकल एन्कोडर घ्या (हा बटणांचा बोर्ड नव्हे, दांड्याचं फिरणं मोजणारा भाग). ए आणि बी या दोन्ही वाहिन्यांच्या दोन्ही कडा मोजल्या की २४०० गणना. स्वस्तातल्या बऱ्याच एन्कोडरचं आउटपुट ओपन कलेक्टर असतं, म्हणजे ते तार फक्त खाली खेचतं, वर नेत नाही. ए आणि बी दोन्हींना पुल-अप दिला नाही तर काहीच येत नाही आणि माणूस नवाकोरा एन्कोडर फेकून देतो.

नॉब थेट एन्कोडरच्या ६ मिमी दांड्यावर लावू नका. आतलं रबरी सील घर्षण करतं आणि बाजूचा भार बेअरिंग खातो. ८ मिमीचा दांडा, दोन ६०८ बेअरिंग एकमेकांपासून ३-४ सेंटिमीटरवर, खाली ८ ते ६ चा लवचीक कपलर. नॉब जड धातूचा, ५० मिमीच्या आसपास. झटका दिल्यावर तो फिरत राहण्याचा गुण वजनातून येतो. बेअरिंगमधलं घट्ट ग्रीस अल्कोहोलने धुऊन एक थेंब पातळ तेल घातलं तर फरक लगेच हाताला लागतो.

बोर्ड प्रो मायक्रो (छोटा यूएसबी मायक्रोकंट्रोलर बोर्ड), एन्कोडर इंटरप्टच्या (बदल होताच चिपला जागं करणाऱ्या) पिनांवर, संगणकाला तो माउस म्हणून दिसेल. प्रत्येक गणनेला माउस हलवू नका. बेरीज करत राहा आणि दर मिलिसेकंदाला एकदाच पाठवा. एका वेळी १२७ पेक्षा मोठा आकडा गेला तर चिन्ह उलटतं आणि जोरात फिरवल्यावर बॅट उलटीकडे उडी मारते. उरलेली बेरीज पुढच्या खेपेला.

२४०० गणना आर्कनॉइडला फार होतात. मेमच्या सेटिंग फाइलमध्ये माउस चालू करा, मग टॅब दाबून अ‍ॅनालॉग कंट्रोल्समध्ये सेन्सिटिव्हिटी खाली आणा. बॅट उलटी जात असेल तर ए आणि बी च्या तारा अदलाबदल करा.