मदत हवी आहे: वळीव येणार की नुसताच दाटणार, हे तासभर आधी कसं कळेल?

शेडवाली

नमस्कार मंडळी. मी तासगाव तालुक्यातली. घरची द्राक्षबाग आणि बेदाण्याची एक शेड आहे. गेल्या एप्रिलात चार दिवसांत काढायला आला असता असा माल जाळीवर होता आणि संध्याकाळी वळीव आला. सोसाट्याच्या वाऱ्यानं पाणी आडवं आत घुसलं. माल काळा पडला आणि ज्या भावाची आशा होती, तो मिळाला नाही.

तुम्ही म्हणाल, बाजूचे पडदे सोडायचे होते. पण पडदे रोज सोडून चालत नाही. वारा खेळला नाही तर बेदाणा वाळत नाही, आत दमट होऊन वेगळंच नुकसान होतं. म्हणून पडदा कधी सोडायचा, एवढंच मला नीट समजून घ्यायचं आहे.

सासरे, आण्णा, आभाळ बघून सांगतात. त्यांचं बरंच खरं निघतं, पण "का" विचारलं की म्हणतात, "अंगाला कळतं." मला कारण हवंय. तीन गोष्टी सुटत नाहीत:

पारा ३९ ला गेला तरी ढग नुसते येऊन विरतात आणि ३६ च्या दिवशी झोडपून काढतो, असं का?

भाजून काढणाऱ्या दुपारी पावसाआधी तो गार वारा येतो, तो येतो कुठून?

सावळजला गारा पडतात आणि आमच्या शिवारात टिपूस नाही. ढग तर एकच दिसतो ना?

कृष्णाकाठ

ताई, मी सांगलीत भूगोल शिकवायचो, आता निवृत्त आहे. तुमच्या तिन्ही प्रश्नांना एकच धागा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऊन हवेला थेट फारसं तापवत नाही. आधी जमीन तापते, मग जमिनीलगतची हवा. ती हलकी होऊन वर जाते आणि वर दाब कमी असल्यानं फुगते. फुगताना तिची स्वतःची उष्णता खर्च होते, म्हणून दर किलोमीटरला ती सुमारे १० अंश गार होते. एवढ्यानं पाऊस पडत नाही. हवेत ओल लागते.

वर जाणारी हवा पुरेशी गार झाली की वाफेचे थेंब होतात. खरी गंमत इथे आहे. पाण्याची वाफ करायला उष्णता लागते हे आपण चुलीवर बघतो. तीच उष्णता वाफेचं पुन्हा पाणी होताना बाहेर पडते. तिला सुप्त उष्णता म्हणतात. एक लिटर पाण्यामागे ती साधारण ०.७ युनिट विजेइतकी भरते. आता २० मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला तर पाणी होतं सुमारे ८१ हजार लिटर. म्हणजे एकट्या एकरावरच्या पाण्यानं ५० हजारांहून जास्त युनिटांची उष्णता वर ढगात सोडलेली असते. ढगाची ताकद ती. त्या उष्णतेमुळे आतली हवा भोवतालच्या हवेपेक्षा उबदार राहते आणि आणखी वर धावते, १२ ते १५ किलोमीटरपर्यंत.

म्हणून ३९ अंशांचा कोरडा दिवस वाया जातो आणि ३६ चा घामट दिवस कोसळतो. आण्णांच्या अंगाला कळतं ते हेच. घाम वाळेना झाला की हवेत ओल आहे. एप्रिल-मेमध्ये ही ओल समुद्रावरच्या वाऱ्यांबरोबर आत येते. बातम्यांत "हवेचा कमी दाबाचा पट्टा" ऐकलात की समजा, वाऱ्यांना एकत्र येऊन वर चढायला जागा तयार झाली आहे.

कधी ओल असूनही काही होत नाही. तेव्हा दोन-तीन किलोमीटरवर उबदार, कोरड्या हवेचा थर पातेल्यावरच्या झाकणासारखा बसलेला असतो. दुपारभर ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे वर येतात, तिथे अडतात आणि विरतात. झाकण उचललं गेलं तर मात्र अर्ध्या तासात डोंगर उभा राहतो.

आता गार वारा. माठातलं पाणी ज्यानं गार होतं, त्यानंच. ढगातून पडणारं पाणी खालच्या कोरड्या हवेत वाटेतच सुकतं आणि सुकताना त्या हवेची उष्णता ओढून घेतं. गार झालेली हवा जड, ती धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. तो वारा म्हणजे ढगाचा उच्छ्वास. तो अंगाला लागला की तुमच्या हातात फार तर दहा-पंधरा मिनिटं आहेत.

आणि सावळजचं. एका गडगडाटी ढगाचा घेर बऱ्याचदा पाच-दहा किलोमीटरचाच असतो, आयुष्य तासाभराचं. त्यातही गारांची पट्टी अरुंद. पण त्याचा गार वारा पसरताना पुढची उबदार हवा पाचरीसारखी उचलतो आणि शेजारी नवा ढग उभा करतो. त्यामुळे "तिकडे पडला, आपलं टळलं" असं धरू नका.

माणदेशी

सरांनी छान सांगितलं. आमच्या सातारा जिल्ह्यात हवा वर चढण्याचा दुसरा प्रकार दिसतो. पावसाळ्यात समुद्राचा वारा सह्याद्री चढतो आणि महाबळेश्वरला वर्षाला ५ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस देतो. डोंगर उतरून दहिवडीला पोचेपर्यंत तीच हवा उतरता उतरता तापते आणि कोरडी पडते. आमच्या वाट्याला ५०० च्या आसपास.

ताई, गारांबद्दल एक. उन्हाळ्यात साधारण पाच किलोमीटरवर पारा शून्याला येतो. त्याच्या वरही थेंब लगेच गोठत नाहीत, पाणीच राहतात आणि बर्फाच्या कणाला चिकटले की गोठतात. खालून येणारा झोत त्या कणाला जितका वेळ झेलेल तितकी गार मोठी. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवत असेलच. उन्हाळा सुरू व्हायचा असतो, वर अजून थंड असतं. म्हणून तुमच्या बेदाण्याच्या हंगामात गारांचा धोका जास्त.

शेडवाली

सर, दादा, मनापासून आभार. माठाचं वाचून आण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आता पटलं." पण ओल मोजायची कशी? घामावर किती विसंबणार?

कृष्णाकाठ

सोपं आहे. स्टीलच्या तांब्यात पाणी घ्या, तापमापी ठेवा आणि बर्फाचे बारीक तुकडे एकेक टाकून ढवळत राहा. तांब्याला बाहेरून दव धरलं, त्या क्षणी आतला पारा किती ते टिपा. तो दवबिंदू. तो जितका वर, हवेत ओल तितकी जास्त. बाहेरच्या तापमानातून तो वजा करा आणि १२५ ने गुणा. ढगाचा तळ अंदाजे किती मीटरवर असेल ते येतं. दोन दिवसांत दवबिंदू १२ वरून १९ वर चढला तर सावध व्हा.

जोडीला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप ठेवा, आसपास वीज पडतेय का ते कळतं. आणि वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आलं तर शेडच्या लोखंडी खांबांपासून माणसं दूर न्या. माल नंतर.

शेडवाली

आज दुपारी तीनला मोजलं. बाहेर ३७, तांब्याला दव धरलं १९ ला. तळ आला २२५० मीटर. परवा हाच आकडा तीन हजारांच्या वर होता. साडेचारला उगवतीकडे ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरलेला दिसला. दामिनीवर तिकडेच विजा दिसत होत्या. लगेच पडदे सोडून दोऱ्या बांधल्या. पाच वाजून वीस मिनिटांनी तो गार वारा आला, धुळीनं समोरची बाग दिसेना. पाऊस आमच्याकडे चार थेंबच, ओढ्यापलीकडे मात्र चांगला झाला म्हणतात. माल कोरडा आहे. सकाळी ऊन पडलं की पडदे वर घेते.